आतून लावलेली दारं

कुलूपवाल्याच्या डब्यात बिनकामाच्या किल्ल्या साचत जातात. कोणती कोणत्या दाराची हे आठवत नाही, आणि फेकवतही नाहीत. आमच्या किश्श्यांचंही तसंच आहे. इतवारीतल्या एका गल्लीत आम्ही तिघं बसतो. हरिभाऊ आमचे उस्ताद, शकीलभाई त्यांचा जुना चेला आणि मी, किशोर, नवा. नवा म्हणजे बावीस वर्षं झाली, पण हरिभाऊंच्या लेखी नवाच. दुपारी चारला चहा आला की कोणीतरी एक किस्सा सुरू करतो आणि चहा तसाच निवतो.

*

हरिभाऊंची एक सवय आहे. बंद दार उघडायच्या आधी तीनदा ठोठावायचं आणि विचारायचं, "कोणी हाय का आत?"

एकदा भांडीवाल्या शेठचं माडीवरचं गोदाम उघडायचं होतं. किल्ली हरवलेली. हरिभाऊंनी ठोठावलं तसा शेठ हसायला लागला. "आठ वर्सापासून बंद आहे हे. आत कोण बोलन?"

"कोणी बोलत नाई तोपर्यंत चांगलंच आहे नं गा," हरिभाऊ म्हणाले आणि कामाला लागले.

कुलूप इतकं गंजलेलं की पाऊण तास गेला. दार उघडलं तर आत बोटभर धूळ, तांब्याचे हंडे, जाळीजळमटं. आणि मधल्या दोरीवर एक ओला टॉवेल वाळत घातलेला.

शेठनं तो पिळून पाहिला. पाणी गळलं. मग त्यानं दार लावून घेतलं आणि आम्हाला नवं कुलूप आणायला सांगितलं. मोठं.

*

काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी दाराचं कुलूप पिशवीत घालून बसनं शकीलभाईकडे आला. कोठीचं कुलूप, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. किल्ली आत मोडली म्हणून सुताराकडून दारातून काढून आणलेलं.

शकीलभाईंनी ते खोललं आणि चिमट्यानं तुकडा काढला. मग दुसरा काढला. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून विचारलं, "भाऊ, किल्ल्या किती मोडल्या?"

"एकच. माह्या हातानं मोडली, बाहेरून."

"मग ही दुसरी आतल्या बाजूनं कोणं मोडली?"

कोठीला दार एकच आणि खिडकी एकही नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. त्यानं कुलूप तसंच उघडं पिशवीत टाकलं आणि परतीची बस गाठली.

*

आमच्या धंद्यात एक चूक प्रत्येकाच्या हातून एकदा होते. कुलूप उलटं बसतं. नॉब बाहेर, किल्लीचं भोक आत. माझ्या हातून ती एका मंगल कार्यालयाच्या बाथरूमला झाली, आणि ती कळली तेव्हा नवरदेवाचा मामा आत होता.

मी धावतपळत पोचलो. सगळं वऱ्हाड मांडवात, मागच्या बाजूला चिटपाखरू नाही. बाहेरचा नॉबही फिरेना, म्हणून कुलूपच खोलायला घेतलं, घाईत स्क्रू खाली पडले. शेवटी दार उघडलं तर मामा घामानं निथळत होता, आणि माझ्यावरच उखडला.

"हसून काहून राहिला होता गा मघापासून? शरम नाई वाटत?"

तिथं मी एकटाच होतो. आणि खरं सांगतो, हसण्याच्या अवस्थेत नव्हतो.

*

आता मनीषनगरच्या आजींचं सांगतो. हा किस्सा चहाच्या वेळी मी फारसा काढत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आजी एकट्या, मुलगा संजय पुण्याला. आजी दार नुसतं ओढून शेजारी जायच्या आणि परत येईपर्यंत कुलूप लागलेलं असायचं. महिन्यात तीनदा शेजाऱ्यांनी मला बोलावलं, तीनदा मी ते उघडलं. आपोआप लागणारं कुलूप नव्हतं ते. बाहेरून किल्ली किंवा आतून नॉब, दोनदा फिरवल्याशिवाय लागायचं नाही. मी पूर्ण खोलून पाहिलं, काही दोष नव्हता.

मग संजय आला. मला जिन्यात घेऊन म्हणाला, "आईच किल्लीनं लावते अन् विसरते. घरात गेली की किल्ली गुपचूप खिळ्याले अडकवते. कुलूप खराब असन तर तसं सांगा, मी बदलून देतो. चांगलं असन तर रविवारी आईले पुण्याले नेतो अन् फ्लॅट काढून टाकतो."

आजी दाराच्या फटीतून ऐकत होत्या. "चाळीस वर्साचा संसार आहे माहा इथं," त्या मला म्हणाल्या, "अन् हा मले येडी ठरवून राहिला. सांग नं बाप्पा, कुलूप खराब आहे म्हणून."

कुलूप खराब आहे एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. मला त्यांची फार दया आली. तरी जीभ रेटेना. उद्या सांगतो म्हणून मी तिथून सटकलो आणि तडक हरिभाऊंकडे आलो.

*

हरिभाऊंनी त्यावर एक किस्साच सांगितला. एका कापडवाल्याचं कपाट रोज दुपारी उघडं सापडायचं. संशय नोकरावर. हरिभाऊंनी कपाटाच्या मुठीला शिशाची पूड चोळली. पेन्सिलीच्या शिशाची, आम्ही कुलपात तेलाऐवजी घालतो ती. डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण बोटाला लागली की साबणानंही लवकर जात नाही.

दुसऱ्या दिवशी नोकराचे हात स्वच्छ होते. बोटं काळी निघाली ती दुपारी गादीवर झोपणाऱ्या मालकाची. झोपेत उठायचा, कपाट उघडायचा, पुन्हा झोपायचा. त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता.

"म्हातारीचंही असंच असन," हरिभाऊ म्हणाले. "पाहून घे."

*

सकाळी मी आजींच्या नकळत आतल्या नॉबला पूड चोळली. एकट्या संजयला सांगितलं. किल्लीनं लावलं तर पूड जशीच्या तशी राहील, हातानं फिरवलं तर पुसली जाईल. आजी दिवसा वरची कडीच वापरायच्या, नॉबला त्यांचा हात लागायचं कारण नव्हतं.

दुपारी संजयचा फोन आला. तो बाजारात गेला होता, आजी शेजारी. दार पुन्हा बंद. दुसरी किल्ली त्याच्याकडे होती, पण त्यानं मुद्दाम उघडलं नाही. मी पोचलो तेव्हा मायलेक जिन्यात उभे होते. मी त्याच्या किल्लीनं दार उघडलं.

घरात कोणी नव्हतं. गॅलरीला जाळी. आजींची किल्ली खिळ्यावर. नॉबवरची पूड दोन्ही बाजूंनी पुसलेली, अंगठा आणि एक बोट.

"आई, हात दाखव," संजय म्हणाला.

"काहून?" म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यानं ते उलटे केले, सुलटे केले, नखं पाहिली. पिठासारखे पांढरे हात होते.

आजी पाणी आणायला आत गेल्या. जरा वेळानं स्टीलचा एक पेला हातात धरून त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पेल्याच्या तळाशी घोटभर पाणी होतं आणि बाहेरून काळी बोटं उमटलेली.

"संजू, तुह्या बाबाचा पेला कोणं काढला रे? ते गेल्यापासून मी तर हात नाई लावला याले."

संजयनं पेला त्यांच्या हातातून घेतला. मग म्हणाला, "राहू दे आई, मी घासतो."

रविवारी पुण्याच्या गाडीचं त्यानं एकट्याचंच तिकीट काढलं.