ईस्टरच्या फेरीत पुढे बायका

आमच्या गावात ईस्टरच्या पहाटे जी फेरी निघते, तिच्या पुढे बायका चालतात. त्यांच्या मागे भजनी मंडळ आणि त्याच्यामागे बाकीची मंडळी. पाहुणे विचारतात, ही रीत कुठली? गावातली तरणी मुलं बेधडक सांगतात, "मिशनरी साहेबांच्या वेळेपासनं आहे." साहेबांच्या वेळेपासून पुष्कळ गोष्टी आहेत. घंटा आहे, बाकं आहेत, उकडलेली अंडी रंगवायचं वेडही त्यांचंच. पण ही रीत माझ्या सासूबाईंनी पाडली, आणि ती पाडली तेव्हा मी तिथे होते.

एकाहत्तर साली लग्न होऊन मी श्रीरामपूरजवळच्या या गावात आले. नगरला शिकून मास्तरीण झाले होते, त्यामुळे जरा ताठ्यातच होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या सुईण होत्या. अक्षर ओळखत नव्हत्या, पण शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, कुठलीही गोष्ट विचारा, शेजारच्या घरात काल घडल्यासारखी सांगायच्या. गावात कुणाचीही बाई अडली की बैलगाडी आमच्या दारात यायची. ख्रिस्ती असो, मराठा असो, धनगर असो, आत्याबाई निघायच्या.

पुढच्या वर्षीचा ईस्टर हा माझा इथला पहिला. पाऊस नीट झाला नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासना झाली आणि आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी मंडळीला थांबवून घेतलं. दरवर्षी फेरीच्या पुढे एक म्हातारे बाबा चालायचे. "प्रभू उठला!" ही पहिली हाळी त्यांची असायची. ते अंथरुणाला खिळले होते. आता पुढे कोण चालणार?

पुरुषांत चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, माझा आवाज मोठा. दुसरा म्हणाला, माझ्या आजोबांनी देऊळ बांधताना दगड वाहिले. मंडळीचा कारभार बघणारे थोरले पंच म्हणाले की हाळीचा मान पंचांचाच. आवाज चढत गेले. बायका एका बाजूला चटईवर बसल्या होत्या, हातात शिंदीच्या फांद्या घेऊन. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, एक इचारू? प्रभू उठल्याचं पयलं कुनाला कळलं?"

पाळकसाहेब गोंधळले. "बायांना. पहाटे त्या कबरेकडे गेल्या होत्या."

"आन् गडी कुठं हुते?"

"घरात. दार लावून."

चटईवर कुणीतरी फिसकन हसलं. थोरले पंच उठले. "मावशी, रीत हाय ती हाय. वाडवडलांपासनं पुढं गडीच चालत्यात."

"वाडवडील ख्रिस्ती झाले तवा कुठली रीत हुती, बाबा? कुनीतरी घातलीच न्हवं?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "वाच गं."

सासरच्या गावात, इतक्या माणसांपुढे मी तोंड उघडलं नव्हतं. पाळकसाहेबांनी स्वतःचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचलं. बायांनी कबर उघडी पाहिली, धावत येऊन सांगितलं, आणि प्रभूच्या शिष्यांना ती बायकांची बडबड वाटली, इथवर आले आणि थांबले. पाळकसाहेब खाली बघत हसत होते.

"यंदा बाया पुढं चालतील," ते म्हणाले. "बघू कसं होतंय."

"अंधारात बाया? लोक काय म्हनतील?" पंचांनी एवढंच म्हणून पाहिलं.

"अंधारात सारा गाव मला न्यायाला येतो," आत्याबाई म्हणाल्या. "तवा कोन काय म्हनत न्हाई."

ईस्टरच्या पहाटे आम्ही तेरा-चौदा जणी जमलो. पंचांची बायको आली नाही. काहींना घरून सोडलंच नव्हतं. आत्याबाईंनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि हातात बाळंतपणाला न्यायचा तोच कंदील. देवळाच्या पायरीवरून त्यांनी हाळी दिली, "प्रभू उठला!" आवाज घोगरा होता, पण असा खणखणीत की पाटापलीकडची कुत्री भुंकायला लागली. मागून पुरुषांचा आवाज आला, "खरंच उठला!" मृदंग वाजला आणि आम्ही चालू लागलो.

फेरी दफनभूमीपर्यंत जाते, आणि ती ओढ्यापलीकडे आहे. वाटेत एका शेतकऱ्याची वस्ती लागते. कंदील आणि एवढी माणसं त्या वाटेने जाताना पाहून घरची नवी सून घाबरून अंगणात आली. दोन महिन्यांपूर्वीच तिचं बाळंतपण आत्याबाईंनी केलं होतं.

"दाई, कोन गेलं गं?"

"गेलं न्हाई कुनी," आत्याबाई म्हणाल्या. "उठलाय. आमचा देव उठलाय आज."

ती "थांबा जरा" म्हणून आत गेली आणि मोगऱ्याच्या कळ्या पदरात घेऊन आली. त्या दुष्काळात धुण्याभांड्याचं पाणी घालून तिने ते झाड जगवलं होतं. सगळ्या कळ्या तिने आत्याबाईंच्या ओटीत घातल्या. आम्ही त्या एकेका कबरेवर ठेवल्या. ज्यांची नावं पुसून गेली होती त्यांच्यावरही. उजाडलं तेव्हा पांढऱ्या चुन्यावर त्या कळ्या उमललेल्या दिसल्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कुणाची तरी सून आहे हे चारचौघांत मोठ्याने सांगावं.

परत येताना पाळकसाहेबांनी विचारलं, "दमला का, बाई?"

"बाळंतपनापेक्षा सोपं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी दुष्काळ भलताच वाढला. निम्मी मंडळी सरकारच्या खडी फोडायच्या दुष्काळी कामावर होती, हातांना घट्टे पडलेले. फेरीला माणसं येतील की नाही, हीच शंका होती. ईस्टरच्या पहाटे आमचं दार वाजलं. बाळंतपणाचं बोलावणं समजून आत्याबाईंनी पिशवी उचलली आणि मी कडी काढली. दारात थोरले पंच उभे होते. त्यांच्या मागे डोईवर पदर घेतलेली त्यांची बायको.

"मावशी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हिलाबी पुढं घ्या. वर्षभर बोलती मला."

आत्याबाईंनी पिशवी ठेवली, कंदील पेटवला आणि तो त्या बाईच्या हातात दिला. "धर. आज हाळी तू दे."

"मला न्हाई जमायचं."

"आमाला तरी कुठं जमत हुतं," आत्याबाई म्हणाल्या. आम्ही तिघी देवळाकडे निघालो, आणि थोरले पंच आमच्या मागून चालत राहिले.