आमच्या मंडळाची वीरांगना

माझे वडील फौजेत ट्रक चालवायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचा, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. कुणी लंगरात भाकऱ्या थापत होता, कुणी वायरलेसवर बसत होता, कुणी खेचरं सांभाळत होता. सुट्टीवर आलेल्या माणसाला "किती जण मारलेस?" असं विचारणारा हमखास शहरातून आलेला पाहुणा असायचा. वडील त्याला शांतपणे सांगायचे, "आम्ही गोळ्या झाडल्या नाहीत, पोचवल्या." पाहुणा हिरमुसायचा. मला तेव्हापासून त्या जातीच्या पाहुण्यांचा राग आहे. पुढे लग्न करून अमेरिकेत आले, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला घर घेतलं, आणि पाहते तो काय, सगळे पाहुणेच भेटले.

मुलगी इथंच जन्मली. कॉलेजात असताना तिनं आपण होऊन नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे इथल्या अर्धवेळ फौजेत, नाव घातलं. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत, उन्हाळ्यात दोन आठवडे शिबिर, आणि बोलावणं आलं की निघायचं. मला आतून बरं वाटलं होतं, वडिलांची आठवण झाली होती. पण आमच्या मराठी मंडळात ही बातमी कुणाचं दिवाळं निघाल्यासारखी कुजबुजत पसरली. "फीचं काही अवघड झालंय का?" असं एका काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, कारण गार्डमध्ये गेलं की कॉलेजच्या फीला मदत मिळते. दुसऱ्या एकीनं तिच्या मार्कांची चौकशी केली. पुढे बोलावणं येऊन मुलगी नऊ महिने कुवेतच्या अमेरिकन तळावर होती, तेव्हा यातल्या एकानंही फोन केला नाही. ती परत आल्यावर मात्र सगळ्यांना एकदम तिच्या लग्नाची काळजी लागली.

कुवेतला तिचं काम कोठाराचं होतं. टायर, जनरेटरचे सुटे भाग, पाण्याच्या बाटल्या, बूट. काय आलं, काय गेलं, कुणाला काय कमी पडतंय. तिथल्या उन्हात आणि धुळीत तिनं आणि तिच्यासोबतच्या एका सार्जंट बाईनं हे काम केलं. दोघी एका तंबूत राहायच्या. ती बाई पुढे आमच्याकडे थँक्सगिव्हिंगला येऊन पुरणपोळी खाऊन गेली. मुलीची गार्डमधली मुदत संपली, ती एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात लागली आणि त्या दिवसांबद्दल फारसं बोलेनाशी झाली. विचारलं तर सांगायची, नाही विचारलं तर नाही.

मग ती निवडणूक आली. उपाध्यक्षपदाच्या एका उमेदवारानं फौजेत नोकरी केलेली होती, आणि ती नोकरी देशभर चावडीवर आली. तो कोणत्या पक्षाचा हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच बाजू घ्याल आणि माझं ऐकणार नाही. तो किती वर्षं होता, कुठं होता, प्रत्यक्ष लढाईत होता की नव्हता, आणि पुढं भाषणात त्यानं स्वतःला होता त्यापेक्षा मोठं करून सांगितलं का, यावर टीव्ही रोज दळण दळत होता. टीव्हीवाल्यांचा तो धंदा तरी आहे. आमच्या मंडळाचं काय? ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी होमगार्डचीसुद्धा टोपी घातली नाही, ते रातोरात सेनापती झाले.

ऑगस्टमध्ये एका घरी पॉटलक होतं, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. मुलगी मला सोडायला आली होती, आग्रह झाला म्हणून जेवायला थांबली. एक काका भजी खात खात म्हणाले, "अरे यार, हा कसला सोल्जर? फ्रंटवर गेलाच नाही. मागे बसून फाइली हलवल्या आणि आता क्रेडिट घेतोय!" दुसऱ्या पक्षाचे काका उसळले, "तुमच्यावाल्यांनी काय दिवे लावलेत ते सांगा आधी!" पहिले म्हणाले, "ज्यानं गोळी झाडली नाही त्यानं व्हेटरन म्हणवून घेऊच नये. सिंपल." मग कुणाला तरी आठवलं. "अगं, तू पण होतीस ना आर्मीत? तू सांग, बेटा."

मुलीनं ताटातून मान वर केली. "काका, दे सेंड यू, यू गो. दॅट्स इट," ती म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली. काकांना यातून काहीच हाती लागलं नाही. पण पलीकडे बसलेल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यात मात्र काहीतरी लुकलुकलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आठवडाभरात त्यांचा फोन. "वहिनी, गणपतीत आपण लेकीचा सत्कार करतोय. सगळीकडे मिलिटरीचाच विषय चाललाय, आणि आपल्यातलीच एक आहे हे लोकांना कळायला नको?" इतकी वर्षं कळायला नको होतं, आता हवं होतं. मी मुलीला विचारलं. तिनं हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "दे रिअली वॉन्ट मी?" तिच्या तोंडावर जो आनंद दिसला त्याला मी भुलले. लहानपणी नाटकात झाड व्हायला मिळालं तरी खूष होणारी मुलगी ती. मंडळाला आपण हवे आहोत ही गोष्ट तिला तोवर कुणी सांगितली नव्हती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माहिती मागवली, ती मुलीनंच लिहून पाठवली. सरळ चार ओळी. गार्डमध्ये सहा वर्षं, कुवेत, पुरवठा विभाग, आता हॉस्पिटल.

शाळेच्या सभागृहात गणपती बसला होता. आरती झाली, लहान मुलांचे नाच झाले, मग सत्कार. मुलीनं माझी नारायणपेठ साडी नेसली होती. बाईंनी माइक हातात घेतला आणि त्या चार ओळींचं काय झालं म्हणता! "रणरणत्या वाळवंटात, शत्रूच्या तोफांसमोर छातीचा कोट करून उभी राहिलेली, साक्षात झाशीची राणी, आपली रणरागिणी!" टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी तिला शाल पांघरवली, हातात नारळ दिला. मुलीला मराठी सगळं बोलता येत नाही, पण समजतं. तिचा चेहरा पांढरा पडलेला मला तिसऱ्या रांगेतून दिसला.

तिनं माइक मागून घेतला. अडखळत का होईना, मराठीतच बोलली. "थँक यू. पण हे बरोबर नाही. मी लढले नाही. मी सप्लायमध्ये होते. टायर, पाणी, बूट. शत्रू मी बघितला नाही. प्लीज, असं नका सांगू." आणि नमस्कार करून खाली आली. मला वाटलं, आता उभं राहून टाळ्या वाजवतील. माझे वडील असते तर वाजवल्या असत्या. चार टाळ्या पडल्या, त्यातल्या दोन माझ्या. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "किती हा विनय!" आणि लावणी सुरू झाली.

प्रसादाच्या रांगेत माझ्या पाठीमागं एक जण म्हणाला, "मग सत्कार कशाचा केला?" त्याचा आवाज मी ओळखला. पॉटलकच्या भज्यांवरून गोळीची अट घालणारे तेच काका. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पेढा निवडत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. दोन दिवसांनी मंडळानं कार्यक्रमाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकले. कार्यक्रम लांबला होता म्हणून कापाकापी केली होती. त्यात बाईंचा परिचय पुरता ठेवला, शाल ठेवली, नारळ ठेवला, आणि मुलीचं बोलणं कापलं. शिवाय चित्राखाली इंग्रजीत ओळी दिल्या, बिगरमराठी लोकांनाही कळावं म्हणून. तोफा, शत्रू, लढाई, सगळं इंग्रजीत. शेवटचं चित्र काय, तर साडीतली माझी मुलगी हात जोडून उभी.

त्या दिवसांत अख्खा देश कुणाचा ना कुणाचा गणवेश उकलून बघायला टपलेला होता. व्हिडिओ कुठून कुठं गेला देव जाणे. तिच्या जुन्या तुकडीतल्या कुणीतरी तो पाहिला आणि खाली दोनच शब्द लिहिले, स्टोलन व्हॅलर. चोरलेलं शौर्य, म्हणजे न केलेला पराक्रम आपला म्हणून मिरवणं. इथल्या फौजी माणसाला यापेक्षा वाईट शिवी नाही. आईवरून दिलेली तो हसून सोडील, ही सोडणार नाही. त्याच्याखाली मग अनोळखी लोकांची रांग लागली. तंबूतल्या सार्जंट बाईचा मेसेज आला, "हे तूच आहेस का?" मुलीनं तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी तुला ओळखते, पण ते आधी काढायला लाव. फोनवर ती सभ्यपणे बोलली. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला मात्र तिला जमलं नाही.

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, किती छान कमेंट्स आल्यात मराठी लोकांच्या! काढायचं म्हणजे कमिटीला विचारावं लागेल." मग माझा तोल सुटला, आणि सुटला ते चांगलंच झालं. मी म्हटलं, "तो उमेदवार स्वतःला फुगवून सांगतो म्हणून तुम्ही त्याला दोन महिने सोललात. आणि माझ्या मुलीनं खरं सांगितलं, ते तुम्ही कापून टाकलंत! त्यानं केलं असेल नसेल, देव जाणे. तुम्ही तर केलंत. तिच्या नावावर केलंत."

"वहिनी, शांत व्हा," ते म्हणाले. "आपल्याकडे परिचय असाच करतात. त्यात एवढं काय?"

खरं आहे. आपल्याकडे तालुक्याच्या कवीला महाकवी म्हणतात आणि कुणी कोर्टात जात नाही. श्रोत्यांना ठाऊक असतं, पाहुण्यालाही ठाऊक असतं. पण या माणसांना हे बोलणं इंग्रजीत करून ज्या देशात टाकायचं होतं, तो देश फौजेच्या बाबतीत शब्दाला शब्द लावून बघतो, हे त्यांनाच तर सगळ्यात जास्त माहीत होतं. सगळा उन्हाळा त्यांनी दुसरं काय केलं होतं? त्यांना सैनिक कधी नकोच होता. त्यांना एक तर ठोकायला हवा होता, नाही तर मिरवायला. व्हिडिओ शेवटी नवरात्रात काढून टाकला, तोवर त्याची चित्रं इतरांच्या फोनांत जाऊन बसली होती.

निवडणूक झाली. कोण जिंकलं कोण हरलं ते सोडा, पण त्या उमेदवाराच्या नोकरीबद्दल दुसऱ्या दिवसापासून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चकार शब्द नाही. सुट्टीच्या प्लॅनची चर्चा सुरू झाली.

डिसेंबरात मुलगी आणि मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. तिच्या घराचा नळ गळत होता, त्याचा वॉशर घ्यायचा होता. इथं फौजेतल्यांना आणि माजी सैनिकांना बिलात सवलत असते, म्हणून गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "एनी मिलिटरी ऑर व्हेटरन?" हा प्रश्न आला की मुलगी नेहमी जराशी ताठ व्हायची आणि "येस, मॅम" म्हणायची. त्यासाठीच मला तिच्याबरोबर दुकानात जायला आवडायचं.

"नो," मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं कार्ड लावलं, पावती घेतली आणि वॉशरची पुडी माझ्या हातात दिली.