काकांचा ऑस्प्रे

पक्षी पाहायला जाणाऱ्या आमच्या रविवारच्या गटाची स्वतःची बोली आहे. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी म्हणजे ‘लायफर’. ज्याच्यासाठी पहाटे उठून गेलो तोच दिसला नाही, तर ‘डिप’. ओळख पटण्यापुरता, कसाबसा आलेला फोटो म्हणजे ‘रेकॉर्ड शॉट’. हा शब्द माझ्या फार तोंडात. नोकरी हिशेब तपासण्याची, आणि गटाची पक्ष्यांची यादीही मीच ठेवतो. खात्री नसलेला आकडा मी धरत नाही.

गटात कर्वेनगरचे एक निवृत्त काका आहेत. जवळ जुनी दुर्बीण, कॅमेरा नाही. गेल्या हिवाळ्यात पाषाण तलावावर आम्ही चहा पीत होतो, तेव्हा ते काठावरून जवळजवळ पळतच आले.

“अहो, ऑस्प्रे! समोरून मासा उचलला त्याने. माझा लायफर!”

“रेकॉर्ड शॉट?” मी विचारलं.

“दुर्बिणीतून पाहिला हो.”

“मग मार्श हॅरिअर असेल. लांबून तसाच दिसतो, आणि इथे रोज फिरतो.”

“काका, चष्म्याचा नंबर कधी तपासलात?” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. काकांनी चहा घेतला. यादीत मी ऑस्प्रे लिहिला नाही.

पुढच्या रविवारी ते सुनेचा कॅमेरा घेऊन आले. आणि ऑस्प्रे आला, पायांत मासा धरून, अगदी डोक्यावरून गेला. आम्ही सगळे वर बघत होतो. काका खाली मान घालून बटण शोधत होते.

“काका, वर बघा, वर!” मी ओरडलो.

त्यांनी मान वर केली तोवर तो झाडांमागे गेला होता. कॅमेऱ्यात नुसतं आभाळ आलं होतं.

“डिप,” एक जण म्हणाला.

मला राहवलं नाही. “काका, मागच्या रविवारचा हाच असणार. मी लिहून टाकतो यादीत.”

“राहू द्या. तुमचा नियम मोडू नका माझ्यासाठी.”

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता.

काका अजून येतात, कॅमेऱ्याशिवाय. पण काही दिसलं तरी आता हाक मारत नाहीत. त्यांची दुर्बीण कुठे थांबली ते पाहून मी गुपचूप तिकडे बघतो. पक्षी असतोच. काय दिसलं, हे त्यांना विचारायला मात्र तोंड उघडत नाही.