मंजुरीच्या रांगेतलं टपाल

वडील पोस्टमन होते आणि मी ब्लॉग लिहायचो. वडील गेले, आणि ब्लॉग मी स्वतःच बंद पडू दिला.

सुरू केला तेव्हा मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, आणि कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करता येतं हे कळल्यावर मला घबाड सापडल्यासारखं झालं. पहिले चार महिने मी शिक्षणव्यवस्थेवर तावातावानं लिहिलं. कुत्रंही फिरकलं नाही. कोपऱ्यात भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारी एक चौकट होती, तिच्यातला निम्मा आकडा माझाच होता. मग मी ब्लॉग सुधारायला घेतला. रंग बदलले, काळ्यावर पिवळी अक्षरं केली, पान उघडलं की बासरी वाजेल अशीही सोय केली. बायको म्हणाली, "ती पिपाणी आधी बंद करा, कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाय." त्या चार महिन्यांत मिळालेली ही एकमेव प्रतिक्रिया.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. रिटायर झाल्यावर ते आजऱ्याहून आमच्याकडे राहायला आले. आजऱ्याच्या डोंगराकडच्या वाड्यांवर त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलं, बहुतेक पायीच. एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं की एका पाकिटावर नाव-गाव काही नव्हतं, नुसतं "ज्यांच्या दारात दोन लंगडी कुत्री आहेत त्यांना मिळावे" असं लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते बरोबर पोचवलं. मला त्या दिवशी लिहायला विषय नव्हता, म्हणून मी ते टाइप करून टाकलं. दुसऱ्या दिवशी खाली सात प्रतिक्रिया होत्या.

मी त्या आबांना वाचून दाखवल्या. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, चष्मा लावला आणि विचारलं, "ही सगळी कुठनं आल्यात?" एक पुण्याची, एक अमेरिकेतली, एक पेठ वडगावची. "मग उत्तर दे की," ते म्हणाले. "आलेल्या पत्राला उत्तर देत्यात." त्यांनी सात उत्तरं सांगितली आणि मी लिहिली. तेव्हापासून रोज कॉलेजातून आलो, की चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, "काय टपाल?"

ते दिवस फार चांगले होते. आम्हा बापलेकांत आधी फारसं बोलणं नव्हतं. मी तापट, ते अबोल. या ब्लॉगमुळं आम्ही रोज तासभर शेजारी बसायला लागलो. आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. पण त्या चौकटीतला आकडा वाढत होता आणि मला तो आणखी वाढवायचा होता.

म्हणून मी दगडाची गोष्ट लिहिली. आम्ही बौद्ध. आबा शाळेत होते तेव्हाच घरानं धम्म स्वीकारला होता, पण वाड्यांवरची काही घरं होती तशीच होती. टपाल ओट्यावर ठेवायचं, वर दगड ठेवायचा, आबा मागं सरकले की घरातलं माणूस येऊन उचलणार. त्याला वाचता येत नसलं की ते पत्र पुन्हा ओट्यावर यायचं, मग आबांनी उचलायचं, अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचायचं आणि परत दगडाखाली ठेवायचं. आबांनी हे मला हसत सांगितलं होतं. मी ते रागानं लिहिलं.

मग जे आलं ते मी आबांना वाचून दाखवलं नाही. जुनं उकरून काय मिळतं, सरकारी नोकरी मिळाली ते बोला, आणि त्याच्या खालच्या पातळीचं पुष्कळ काही. सगळं निनावी. मी एकेकाला उत्तर देत सुटलो, दोन दिवस कॉलेजचे तास बुडवून भांडलो. शेवटी कॉलेजातल्या एका मित्रानं दाखवलं की प्रतिक्रिया थेट न छापता आधी रांगेत ठेवता येतात. आपण वाचायच्या, बरी असेल ती सोडायची, नसेल ती पुसायची. मी लगेच ती सोय चालू केली.

आबांना ती पटली नाही. "म्हंजे आलेलं टपाल तू फोडून बघणार आणि मग ठरिवणार?"

"शिव्या आहेत आबा त्यात. तुम्हाला दिलेल्या."

"असू देत की. मी का आयकल्या न्हाईत व्हय? पत्रात काय हाय ते बघायचं काम आपलं न्हवं. आलं की द्यायचं." मग म्हणाले, "मी एकदा ठिवलं हुतं. त्येचं अजून निस्तारतोय."

आणि त्यांनी मला तारेची गोष्ट सांगितली. मी शाळेत असतानाची ती गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती, आईलासुद्धा त्यांनी कधी सांगितली नव्हती.

एका वाडीवर एक घर होतं, तिथं ओट्यावरचा दगड नव्हता. त्या घरच्या सुनेला वाचता येत नव्हतं. नवरा मुंबईला गिरणीत. ती आबांना आत बोलवायची, घरातल्याच कपात चहा द्यायची, समोर बसून नवऱ्याचं पत्र ऐकायची आणि त्यांना दादा म्हणायची. सासू कुरकुरायची, पण सून बधली नाही. लग्नाला आठ वर्षं झाली तेव्हा तिला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सकाळी तिच्या माहेरची तार आली. आई गंभीर, ताबडतोब या. आबा ती घेऊन वाडीवर पोचले, तर दारात मांडव, पाळण्याला फुलं, नवरा मुंबईहून आलेला, आणि ती हिरव्या साडीत. तिनं लांबूनच हाक मारली, "दादा, जेवल्याबिगार जायचं न्हाय." आबांनी तार पिशवीतून काढलीच नाही. आठ वर्षांनी पाळणा हललाय, एक दिवस जाऊ दे, एवढाच विचार त्यांनी केला. ते जेवले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी तार दिली. ती तान्ही पोर घेऊन एसटीनं पेठ वडगावला माहेरी पोचली तोवर आईला नेलं होतं. तोंडसुद्धा दिसलं नाही. तारेवर आजरा पोस्टाचा आदल्या दिवसाचा शिक्का होता, तो तिच्या भावानं बघितला. परत आल्यावर तिनं आबांना दारातच विचारलं, "दादा, तार कवा आली हुती?" आबा सांगू शकले असते की उशिरा हातात पडली, पोस्टातच राहिली. त्यांनी सांगितलं, "आदल्या दिशी. मीच ठेवली हुती."

"माझी आई अडवलीसा तुमी," एवढंच ती म्हणाली. पुढच्या पत्राला त्या घराच्या ओट्यावरही एक दगड होता. आबा पुढं कित्येक वर्षं त्या दगडाखाली पत्रं ठेवत राहिले.

"बाकीच्या दगडांचं कारण न्यारं हुतं," आबा म्हणाले. "त्येची सवय हुती. ह्यो दगड मात्र मी मिळवला."

आणि मग त्यांनी एक गोष्ट मागितली. आयुष्यात त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल. "हे लिव्ह त्यात. कुणी सांगावं, तिच्या पोरीच्या वाचण्यात यील. मला काय माफी नगं. पन तिनं एकदा काय त्ये बोलावं."

मी लिहिलं. तोपर्यंत लिहिलेल्यात सगळ्यात चांगलं तेच होतं. पहिल्या आठवड्यात आलेल्या वीसेक प्रतिक्रिया मी सोडल्या आणि आबांना वाचून दाखवल्या. प्रत्येक वाचली की ते विचारायचे, "कुठली?" आजऱ्याची एकही नव्हती. मग एक निनावी प्रतिक्रिया आली. पोस्टमनला आत बोलवून चहा पाजणारी सून म्हणजे काय ते आम्हाला कळतं, अशा अर्थाची, पण अशा भाषेत की ती इथं लिहिणार नाही. माझं डोकंच फिरलं. ती पुसली तर दुसऱ्या दिवशी तसल्याच आणखी तीन. मी प्रतिक्रिया आल्याची मेल येणं बंद करून टाकलं आणि त्या रांगेकडं बघणंच सोडलं. सडू दे तिथंच, म्हटलं.

आबांचा प्रश्न सुटला नाही. "काय टपाल?"

"काही नाही."

"बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

महिना-दीड महिना मी हे रोज सांगितलं. त्या दिवसांत मी ब्लॉग उघडत नव्हतो असंही नाही. उघडून मी तो सुधारत होतो, अक्षरं मोठी करत होतो, जुन्या लेखांची यादी बाजूला लावत होतो. त्याच्याच पलीकडं एक टिचकी मारली असती तर रांग दिसली असती.

थंडीत आबांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. दवाखान्यात न्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर लावली आणि ते बसून राहिले. तो बंद होता. मी म्हटलं, "आबा, आत पडा जरा." ते म्हणाले, "बसतो वाईच." आठवडाभरात ते गेले. शेवटच्या दिवशी नळी लावलेली होती, बोलता येत नव्हतं, पण मी आत गेलो की भुवया वर करायचे. मला त्याचा अर्थ कळत होता. मी मान हलवून नाही म्हणायचो.

सगळं आटोपल्यावर मी ब्लॉग पुसायला बसलो. पुसण्याआधी रांग उघडली, का ते सांगता येणार नाही. एकेचाळीस प्रतिक्रिया होत्या. शिव्या असतील म्हणून दात आवळून वाचायला लागलो, तर शिव्या चार-पाचच. बाकीची साधी माणसं होती. कुणी आपल्या गावच्या पोस्टमनबद्दल लिहिलं होतं, कुणी आबांची तब्येत विचारली होती. आणि त्यात ही होती.

"तुम्ही लिहिलेलं बारसं माझं. मी पुण्यात नोकरी करते, मैत्रिणीनं लेख पाठवला. आई आजऱ्याला असते. तिला फोनवर सगळा वाचून दाखवला. तिनं परत एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, दादांना म्हणावं, दगड कवाच काढलाय. चहाला या, आत बसायला. कृपया त्यांना सांगाल का?"

तारीख आबा जायच्या पाच आठवडे आधीची. त्या संध्याकाळी ते बंद कॉम्प्युटरसमोर बसले होते तेव्हा ती आतच होती. मी ओरडून रडलो. बायको धावत आली, तिला मी नुसतं पडद्याकडं बोट दाखवलं.

मग मी प्रतिक्रिया छापायचं बटण दाबलं. लेखाखाली ती दिसायला लागली आणि तिच्या डोक्यावर तारीख आली, ती लिहिली त्या दिवसाची. मी सोडली त्या दिवसाचा शिक्का कुठंच नव्हता. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, आबांच्या हयातीतच छापली.

चार दिवसांनी त्या मुलीचं उत्तर आलं. बरेच दिवस प्रतिक्रिया दिसली नाही म्हणून गेलीच नसेल असं वाटलं होतं, आता बघितली, दादा कधी येतात? मी आबा गेल्याचं कळवलं. तिनं आजऱ्याचा पत्ता दिला आणि लिहिलं, आई म्हणते, तुम्ही तरी या.

मी गेलो. मुलगी पुण्यातच होती, घरात तिची आई एकटीच. साठीला टेकलेली, अंगानं बारीक. वाडी सोडून आता आजऱ्यातच राहत होती. मला हाताला धरून आत नेलं, चहा ठेवला. समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"दादांच्यागतच हाईस," ती म्हणाली. मग पदर सावरून विचारलं, "माझा निरोप पोचला हुता न्हवं त्यास्नी?"

घरातून निघाल्यापासून या प्रश्नाचं खरं उत्तर मी पाठ करत आलो होतो. एसटीत पूर्ण वेळ तेच घोकत होतो.

"पोचला," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. "काय म्हनालं?"

"येतो म्हणाले. बरं वाटलं की येतो."

ती पदरात तोंड घालून रडली, आणि रडून झाल्यावर हलकी झालेली दिसली. मला आग्रहानं भाकरी खायला घातली. निघताना काजूची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "लई वर्सांचं वझं उतरलं बघ." मी तिच्या पाया पडलो. एसटीत बसल्यावर ती पिशवी मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ती मजेत आहे, मुलगी दिवाळीला मेल करते. आहे ते तसंच ठेवलं तर कुणाचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. आबांनीही त्या मांडवात स्वतःला असंच काहीतरी समजावलं असणार. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच ते तार घेऊन गेले होते आणि तिनं विचारल्यावर खरं बोलले होते, म्हणून हे लिहितोय. छापून आलं की तिच्या मुलीला पाठवीन, आणि ती फोनवर आईला वाचून दाखवेल.

मावशी, निरोप आबांना पोचला नाही. पाच आठवडे घरातच होता. मीच ठेवला होता.