टोपलीनानांचा समुद्र

शिंदखेड्यात समुद्र आणणारा माणूस आमच्याच भिंतीपलीकडे राहत होता. टोपलीनाना. पाठीवर फवारणीचा पंप, पंपात मिठाचं पाणी, आणि भल्या पहाटे अंगणातल्या एकुलत्या एका द्राक्षवेलीवर फुस्स फुस्स! वारा नेमका आमच्याकडे. गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, खारट व्हायच्या. मी भडकायचे. "नाना, मरेल हो ती वेल!" तर म्हणायचे, "समुद्रनं दव शे ते अक्का, गोड कसं ऱ्हाई?" शेवटी मी पिठात मीठ घालणंच सोडलं.

झालं असं, नानांची लेक स्वाती ग्रीसमधल्या एका बेटावर द्राक्षमळ्यात नोकरीला लागली आणि लग्न करून तिथलीच झाली. फोनवर मळा दाखवायची. तिथला वारा असा माजलेला की मांडव टिकत नाही. म्हणून वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल विणतात, घड आत वाढतात. पाऊस नावाला. ज्वालामुखीची माती रात्री समुद्राचं दव पिते, त्यावर वेल जगते.

नानांनी धुळ्याहून रोप आणलं, तशीच टोपली विणली. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, टोपलीनाना. नाना मात्र ठाम. "माती आठे बी काळी, वारा आठे बी, पाऊस तठे बी नही, आठे बी नही. बठ्ठं सारखं शे. मंग मन्ही पोर तठे कसाले?" दव तेवढं कमी होतं, ते नाना पुरवणार होते. द्राक्षं लागली की पोरगी परत येणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आता अशा माणसाशी काय भांडणार, कपाळ!

वेल वाळली, वाळणारच. त्या वाळक्या टोपलीत आमची कोंबडी जाऊन बसली. उन्हाळ्यात स्वाती आली, तेव्हा नानांनी तिला मोठ्या रुबाबात अंडी दाखवली. "पहिलं पीक!" ती पोट धरून हसली आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "नाना, मी नाही हो येणार राहायला. माझं घर तिकडे आहे आता."

पंप बंद पडला. नानांनी तो खुंटीला टांगून ठेवला. मला तर घास गोड लागेना. मग एका सकाळी भिंतीवरून डोकावले. "अक्का, बठ्ठं सारखंच शे ना? मंग मीच तठे जास."

आणि गेले की! जाताना आमचीच कोंबडी मला सांभाळायला देऊन गेले.

यंदा बिबड्या वाळल्या. पहिली भाजून तोंडात घातली. अळणी. सवयीनं भिंतीकडे तोंड करून ओरडले, "नानाऽऽ!"

पलीकडच्या टोपलीतून कोंबडीनं ओ दिली.