मारुतीची वही

आमच्या मंडळीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्षी होतात. उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "देवाच्या उपकाराची साक्ष कुणाला द्यायची आहे?" आणि मी लगेच गायनाच्या पुस्तकात काहीतरी शोधायला लागते. बाकी कुणाला साक्षींची कमतरता नाही. साळवे सिस्टरांचा मुतखडा प्रार्थनेने विरघळला. तो किती मिलिमीटरचा होता हे मंडळीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पाटोळेकाकांची एसटी चुकली आणि तीच एसटी पुढे वैरागच्या अलीकडे दोन तास बंद पडली. एका काकूंचं हरवलेलं रेशनकार्ड उपासाच्या तिसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठात सापडलं. माझ्याकडे असं काहीच नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, प्रार्थनाही मनातल्या मनात इंग्रजीत करते, आणि कधीकधी मला वाटायचं की देवाच्या दारात माझा नंबर अजून आलेला नाही, किंवा मी लाजून खाली बघत असताना तो पुकारून झाला आहे.

त्यात मला लोकांसमोर बोलता येत नाही. दहा वर्षांची असताना नाताळच्या नाटकात मी मेंढपाळ होते आणि मला एकच वाक्य होतं: आपण बेथलेहेमला जाऊ या. मी ते म्हटलंच नाही. बाकीचे तिन्ही मेंढपाळ आणि एक देवदूत बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. शेवटी घोंगडीखालच्या माझ्या मेंढराने ते वाक्य म्हटलं आणि आम्ही निघालो. सोलापुरात लोक पुष्कळ गोष्टी विसरतात, पण आमच्या मंडळीत दर डिसेंबरात त्या मेंढराची आठवण निघते.

अशा मुलीला पाळकसाहेबांनी मंडळीच्या शंभरीचा इतिहास लिहायला सांगितला. त्यांचं म्हणणं, मला कॉम्प्युटर येतो आणि मी कोणाच्या बाजूची नाही. दुसरं कारण खरं होतं. आमची मंडळी चाळीसएक घरांची, गिरण्यांच्या काळात उभी राहिलेली. त्यातली निम्मी घरं पाटोळ्यांची नाहीतर साळव्यांची सोयरी. पाटोळेकाका निवृत्त मुख्याध्यापक. तीस वर्षं उशिरा येणाऱ्या मुलांना त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. साळवे सिस्टर निवृत्त नर्स. त्यांच्या नुसत्या नजरेने ताप उतरतो असं म्हणतात. मंडळीचा पहिला सभासद आपला आजोबा, असं दोघांचंही म्हणणं होतं. काकांनी इतिहास वाचला तर सिस्टर ऐकणार नव्हत्या आणि सिस्टरांनी वाचला तर काका. म्हणून लिहायचंही मी आणि वेदीजवळ उभं राहून वाचायचंही मीच, असं ठरलं. आई म्हणाली, "चांगलंय की. यंदा मेंढरू नाही मदतीला. तोंड उघड जरा."

कागदपत्रं शोधताना मला देवळातल्या कपाटात, नाताळच्या मोडक्या चांदणीच्या सांगाड्याखाली एक लांबट वही सापडली. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर आणि सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या प्रत्येक पानावर एकेका रविवारची तारीख आणि तिच्याखाली चार, पाच, फार तर सहा नावं. शांतवन पाटोळे आणि दाविद साळवे, म्हणजे काकांचे आणि सिस्टरांचे आजोबा, ही दोन नावं जवळजवळ प्रत्येक पानावर होती. सुरुवातीचं अक्षर उधळलेल्या शेळ्यांसारखं कुठेही धावत होतं. पुढे पुढे ते एका ओळीत चालायला शिकलं होतं. मला भरून आलं. फक्त पाच माणसं! बाहेर एवढं मोठं शहर, गिरण्यांचे भोंगे, आणि आत पाच माणसं उपासना करताहेत. मी त्या संध्याकाळी लिहिलं, "या मूठभर निष्ठावंतांच्या खांद्यावर आपली मंडळी उभी राहिली." मराठीतलं माझं ते सर्वांत लांब वाक्य होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

वही सापडली ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळीकडे गेली आणि संध्याकाळी काका आणि सिस्टर दोघंही आमच्या घरी हजर झाले. काकांनी शिल्लक असलेलं पहिलं पान उघडलं. वर पाटोळे, खाली साळवे. काका म्हणाले, "झालं. पहिला तो पहिला." सिस्टरांनी पान उलटलं. तिथे वर साळवे, खाली पाटोळे. "आणि वाळवीने खाल्लेल्या पानांवर कोण होतं, ते वाळवीला विचारलं का तुम्ही?"

"सिस्टर, पुराव्यानं बोला."

"पुरावा तुमच्या वाळवीच्या पोटात आहे! हे बघ बाळ," सिस्टर माझ्याकडे वळल्या, "साळव्यांचं नाव दुसरं वाचलंस, तर आमची तेरा माणसं पुढच्या रविवारपासून दुसऱ्या देवळात जातील. आणि आमचे दोन्ही पंखे काढून नेऊ."

हे पंख्यांचं गंभीर होतं. आमच्या देवळातले सगळे पंखे कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ दिलेले आहेत आणि त्यांच्या पात्यांवर नावं रंगवलेली आहेत. साळव्यांचे दोन पंखे नेमके पाटोळ्यांच्या बाकांवर फिरतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते गेले असते तर पाटोळेही मागोमाग गेले असते. मी पाळकसाहेबांना विचारलं की कुणाचं नाव आधी घ्यायचं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रार्थना कर. आत्मा सुचवेल." मला एखादी स्पष्ट सूचना हवी होती.

मी प्रार्थना केली, पण खरं सांगायचं तर ती विश्वासाने केली नाही. अर्ज टाकावा तशी केली. उत्तर आलं नाही. मग मी इतिहासाच्या दोन प्रती छापल्या. एकीत पाटोळे आधी, दुसरीत साळवे आधी, बाकी शब्दन् शब्द सारखा. दोन्ही पर्समध्ये ठेवल्या आणि मनाशी ठरवलं की हा रविवार एकदा पार पडला की पुण्यात नोकरी बघायची. तिथे मोठ्या चर्चमध्ये इंग्रजी उपासना असते, मागच्या खुर्चीत बसता येतं आणि कुणाला कुणाचा आजोबा माहीत नसतो.

एरवी आमच्याकडे उपासनेआधी स्पीकरवर घंटेचं रेकॉर्डिंग लावतात, कारण खऱ्या घंटेचा दोर कित्येक वर्षांपूर्वी तुटला होता. शंभरीसाठी नवा दोर बांधला होता. त्या सकाळी खरी घंटा वाजली, दोन वेळा, मध्ये थोडा वेळ सोडून, जुन्या रीतीप्रमाणे. उजवीकडे पाटोळे बसले, डावीकडे साळवे, आणि वेदीजवळच्या टेबलावर मखमली कापड अंथरून, झेंडूची दोन फुलं ठेवून ती वही मांडली होती. माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकपाशी गेले. कुठली प्रत हातात आली ते मी पाहिलंही नाही. पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला, आणि "या मंडळीचे पहिले सभासद" इथपर्यंत येऊन माझा आवाज गेला. बसला वगैरे नाही. गेलाच.

काका पुढे झुकले. सिस्टर पुढे झुकल्या. आई पहिल्या बाकावरून ओठांनी "बोल, बोल" करत होती. माझ्या मनात एकच विचार होता की मेंढरू आता मोठं होऊन दुबईला गेलंय. पण मी आत्म्याने भारावले आहे असं लोकांना वाटलं असावं, कारण मागून कुणीतरी हलकेच "आमेन" म्हणालं आणि बायकांमधून एक हुंदका आला. तेव्हा मी इंग्रजी सोडून, कुठलीच भाषा सोडून, नुसतं मनाने वर बघितलं. माझ्याकडून होत नाही, आता तूच बघ, एवढाच त्याचा अर्थ होता.

दार करकरलं. नऊवारी लुगड्यातली, हातात कापडी पिशवी घेतलेली एक म्हातारी आत आली. तिला आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं. ती "सलाम, सलाम" करत थेट पुढे चालत आली आणि प्रमुख पाहुणे न आल्याने रिकाम्या राहिलेल्या खुर्चीत बसली. पिशवी पायाशी ठेवली. मग तिची नजर टेबलावर गेली.

"अय्यय्यो! ही हितं कुटनं आली? आमच्या आज्याची वही हाय की ही!"

पाळकसाहेब लगबगीने तिच्याजवळ गेले. "आजी, ही आपल्या मंडळीच्या संस्थापकांची नोंदवही आहे."

"आं?"

"संस्थापक!" ते तिच्या कानात ओरडले.

"कसलं संस्थापक, काय की! उशिरा येणाऱ्यांची वही हाय ती. आमचा आजा मारुती हितं घंटा वाजवायचा. दुसरी घंटा झाली की दाराचं एक फळकुट लावून ही वही घेऊन बसायचा. त्याच्यामागनं जो आत येईल, त्याचं नाव लिवायचा. येळंवर येणाऱ्याचं कोण लिवतंय!"

पाटोळेकाका उभे राहिले. "उशिरा?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्यासारखा झाला होता. ज्यांनी तीस वर्षं पोरांना फाटकाबाहेर उभं केलं, त्यांचा आजोबा जवळजवळ दर रविवारी उशिरा आलेला, लेखी पुराव्यासकट.

सिस्टरांना राहवलं नाही. "म्हणजे पाटोळेसर, तुमचे आजोबा उशिरा येण्यात पहिले. तुमचं म्हणणं मला मान्य आहे."

"आणि तुमचे त्यांच्याही मागून आले!" काका म्हणाले.

बायकांमधून आधी एक फिस्स आवाज आला, मग कुणीतरी तोंडाला पदर लावला, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं. म्हातारीला वाटलं लोक तिच्या आज्याला हसताहेत. ती जरा रागावूनच म्हणाली, "हसू नका. आज्याला चाळिशीत अक्षर आलं. गोऱ्या साहेबानं शिकिवलं त्याला. लिवायची लई हौस. पण कुणी उशिरा आलंच न्हाय तर लिवायचं कुणाचं नाव? मग दिसभर तोंड पाडून बसायचा. ही पाटोळे आन् साळवे दोघं त्याची दोस्त. रातपाळी करून गिरणीतनं सरळ हितंच यायची, त्यामुळं उशीर व्हायचाच. पण रातपाळी नसली तरी बी दुसरी घंटा होईस्तवर भायेर लिंबाखाली शेंगा खात उभी राहायची. आज्याची वही रिकामी राहू नये म्हणून."

तो कडुलिंब अजून आहे. काका त्याच्या सावलीत स्कूटर लावतात.

"मग आजी, आधी आत कोण यायचं?"

हे कुणी विचारलं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. ते मीच विचारलं होतं. म्हातारीला पाळकसाहेबांचं कानात ओरडल्याशिवाय ऐकू आलं नव्हतं, पण माझं लांबूनच ऐकू आलं. माझ्यासमोर माईक चालू होता, त्यामुळे यात चमत्कार काही नाही.

"पाळीपाळीनं की! एका ऐतवारी ह्यो म्होरं, दुसऱ्या ऐतवारी त्यो. न्हायतर आज्याला एकच नाव आदी लिवायची सवय लागंल म्हणून."

"आणि आजोबांना माहीत होतं, हे मुद्दाम थांबतात ते?"

"व्हय तर! मरताना सांगून गेला की. पण बोलला न्हाय कवा. बोलला असता तर ती येळंवर यायला लागली असती."

मी हातातला कागद खाली ठेवला आणि वही उचलली. एकेक पान उलटत मी वाचत गेले: पाटोळे, साळवे. साळवे, पाटोळे. पाटोळे, साळवे. हे आलटून पालटून येणं मला आधीही दिसलं होतं. माझ्या टिपणात मी त्याला "अनियमितता" म्हटलं होतं. शेवटच्या पानापर्यंत मी अडखळले नाही. आमच्या मंडळीचा इतिहास त्या दिवशी एवढाच वाचला गेला. काका चष्मा काढून डोळे पुसायला काहीतरी शोधत होते. सिस्टर मधली वाट ओलांडून गेल्या आणि त्यांनी आपला रुमाल पुढे केला. "घ्या. स्वच्छ आहे."

जेवणाच्या वेळी कळलं की आजींचं नाव सुंदराबाई. वळसंगहून नातीच्या मुलाच्या बारशाला आल्या होत्या, चुकून एक थांबा आधी उतरल्या. तिथे उभ्या असताना त्यांना घंटा ऐकू आली आणि पाय इकडे वळले. लहानपणानंतर त्या या देवळात कधी आल्या नव्हत्या. त्यांना वरण वाढू का हे मी तीनदा विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. सिस्टर म्हणाल्या की काही बहिऱ्यांना जड आवाज ऐकू येतात, वैद्यकशास्त्रात आहे. असेल. मी काही म्हणत नाही. जे झालं ते लिहिते आहे.

पुढच्या रविवारी दुसरी घंटा झाली तरी पाटोळेकाका आणि साळवे सिस्टर आत आले नाहीत. मी दारातून पाहिलं. दोघं कडुलिंबाखाली शेंगा खात उभे होते आणि आधी कुणी आत जायचं यावर त्यांचा वाद चालला होता. "आज तुमची पाळी, सर." "नाही, सिस्टर, मागच्या पानावर आम्ही वर होतो." पंखे जागच्या जागी फिरत आहेत.

पंच कमिटीने दारापाशी एक नवी वही ठेवली आहे आणि नावं लिहायचं काम मला दिलं आहे. या कामात बोलावं लागत नाही. पुण्याच्या नोकरीचा अर्ज मी पाठवला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की साक्ष म्हणजे काहीतरी मोठं बोलून दाखवणं. मला जे मिळालं ते माझं बोलणं संपलं तिथे मिळालं, आणि ते माझ्या हातात असतं तर मी दोन प्रतींपैकी एक वाचून सगळं बिघडवून ठेवलं असतं. म्हणून त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी गायनाचं पुस्तक मिटून ठेवलं आणि उभी राहिले. फक्त "देवाचे आभार" म्हणाले आणि खाली बसले. मंडळीला तेवढं पुरलं.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव सुंदराबाईंचं आहे, शंभरीच्या तारखेखाली. त्या दिवशी दुसऱ्या घंटेनंतर आत आलेल्या त्या एकट्याच. त्यांच्याखाली मी माझं नाव लिहिलं. मी तर त्या दिवशी सकाळी साडेसातपासून देवळात होते. पण मला उशीर झाला होता हे मला माहीत आहे, आणि ज्याने एवढा वेळ दाराचं एक फळकुट उघडं ठेवलं, त्यालाही.