बंदूक भरताना बोलू नये

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, बंदूक भरताना बोलायचे. तसे ते कायमच बोलायचे. गोठ्यात म्हशीशी, बांधावर वाटसरूशी, आणि कुणीच नसलं तर विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरशी. त्याचं मला काही वाटत नसे. पण हातात दारूचं माप असताना माणसानं तोंड बंद ठेवावं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या गळी उतरवताना माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं खर्ची पडली.

माझं माहेर शिरूर तालुक्यात. भीमा ओलांडली की दौंड, आणि काठालाच सासर. ऊस भरपूर, त्यामुळे रानडुकरंही भरपूर. पिकाच्या राखणीसाठी मामांकडे परवान्याची बंदूक होती, त्यांच्या वडिलांपासूनची. ठासणीची. तोंडाकडून मापानं दारू घालायची, त्यावर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग लांब लोखंडी गजानं ते सगळं तळापर्यंत ठासायचं आणि अगदी शेवटी मागच्या बाजूला तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. शेतात मामा गोळी घालत नसत. दारूवर नुसती चिंधी ठासून हवेत बार काढायचे, डुकरं पळायची. गोळीचा प्रश्न आला तो चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर.

झालं असं, की पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याच्या हातात अशीच बंदूक फुटली. एकदा भरलेली होती, विसरून त्यानं पुन्हा भरली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर आसपासच्या ठासणीवाल्यांना निरोप आला, की काही रविवार दौंडला चांदमारीवर यायचं, बंदूक नीट भरून दाखवायची, निशाण्यावर गोळी मारायची, आणि मगच परवाना पुढं चालू राहील.

मामा चिडले. "मिसरूड फुटायच्या आधीपासनं भरतोय मी बंदूक. आता मला शिकवनार व्हय हे?"

आमचे हे कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. रविवारी त्यांची हमखास ड्यूटी, आणि नसली तर झोप. म्हणजे मामांना न्यायचं काम माझ्याकडे. आमच्याकडे लूना होती. पुढं मी, मागं मामा, मामांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली बंदूक आणि पिशवीत दारूचा डबा. वाटेत जो भेटेल त्याला मामा "चांदमारीला चाललोय" म्हणून ओरडून सांगायचे आणि हात वर करायचे. हात वर केला की बंदूक घसरायची, बंदूक घसरली की लूना डगमगायची.

"मामा, दोन्ही हातांनी धरा की!"

"तू म्होरं बघून चालीव."

चांदमारीचं मैदान म्हणजे माळ आणि टोकाला मातीचा उंच बांध. त्या बांधापुढं पुठ्ठ्याची निशाणं लावलेली. नेमबाज एका रांगेत उभे, मागं दोरी बांधलेली, आणि दोरीच्या मागं आमच्यासारखे सोबत आलेले. शिकवणारे उस्ताद उंच, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भरायच्या आधी रिकामी नळी गजानं तपासा. दारू मापानंच घाला, डब्यातून थेट ओतू नका. गोळी तळाला टेकेपर्यंत ठासा, मध्ये फट राहिली तर नळी फाटेल. टोपी सगळ्यात शेवटी. आणि भरताना बोलायचं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मी मनातल्या मनात हात जोडले.

मामांच्या शेजारी एक धनगर आप्पा उभे होते. मामांनी त्यांना गाव विचारलं. गावावरून मेंढरांवर आले, मेंढरांवरून यंदाच्या लोकरीवर. लोकरीचं चालू असताना मामांनी चिंधी घेतली, गोळी घेतली, गजानं छान ठासली, टोपी बसवली, नेम धरला आणि चाप ओढला. नुसतं टिक झालं. टोपी फुटली आणि पुढं काहीच नाही.

मग मामांनी भलतंच केलं. त्यांनी बंदूक फिरवली आणि आत काय झालंय म्हणून नळीत डोकवायला निघाले.

"नळी समोर!" उस्ताद असे ओरडले की सगळी रांग दचकली. "हलू नका! तशीच धरून थांबा!"

बार उशिरानंही उडू शकतो, म्हणून टोपी फुटून बार झाला नाही तर बंदूक निशाणाकडेच रोखून बराच वेळ थांबायचं असतं. मामा थांबले. अख्खी रांग थांबली. मग पेचाचं टोक लावलेला गज आत घालून उस्तादांनी गोळी ओढून काढली. तिच्याखाली दारूचा कणसुद्धा नव्हता.

"दारू विसरलात, आबा."

"इसरलो न्हाई," मामा म्हणाले. "ह्ये आप्पा मधीच लोकरीचा भाव काय इचारत्यात!"

आप्पांनी काहीच विचारलं नव्हतं. बिचारे नुसते हूं हूं करत होते.

दुसऱ्या खेपेला दारू घातली, गोळी ठासली, आणि गज नळीतच विसरले. बार झाला. गज सणसणत गेला आणि बांधाच्या मातीत जाऊन रुतला, अर्धा बाहेर. मागची माणसं हसली. मी हसले नाही. उस्ताद दोरीपाशी आले आणि इतक्या माणसांतून नेमकं मला म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्या ना? जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर."

मी काय लक्ष ठेवणार? मी दोरीच्या मागं. आणि दोरीच्या पुढं असते तरी त्या माणसाला कुणी थांबवलं असतं?

गज सरळ करून आणला लोहाराकडून. त्यावर खुणा करून घ्यायला उस्तादांनी सगळ्यांना बजावलं होतं. रिकाम्या नळीत गज सोडायचा, तोंडाशी जिथं येईल तिथं एक खूण. भरलेल्या बंदुकीत सोडायचा, तिथं दुसरी. मग गज घातला की आत काय आहे ते बघणाऱ्याला कळतं. मामांनी साफ नकार दिला. "माज्या बापाचा गज हाय. त्याला चरे पाडायचे?"

मी दोन दिवस विनवलं. तिसऱ्या दिवशी मामा बाजारला गेले आणि मी ह्यांच्या हत्याराच्या पेटीतलं हॅक्सॉ ब्लेड काढलं. पहिली खूण मला घरी करता आली, दुसरीसाठी माप आणि गोळीची जाडी धरून अंदाज घेतला आणि पुढच्या रविवारी उस्तादांकडून पडताळून घ्यायचं ठरवलं. मामांनी संध्याकाळी गज पाहिला. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "सांग तुज्या सुनंला, तिच्या शिरूरकडं काय चालत असंल ते चालू दे. हितं न्हाई."

आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. ज्या माणसानं गप्प बसावं म्हणून मी नवस बोलायचीच बाकी होते, तो गप्प बसला, पण फक्त माझ्यापुरता. चहा हवा असला तरी आत्यांना सांगायचे. "तिला म्हनावं, साखर कमी हाय."

"तुम्हीच म्हना, ती हितंच हुबी हाय," आत्या म्हणायच्या.

पुढच्या रविवारी लूनावर ते अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. मैदानावर उस्तादांनी खुणा पडताळल्या, भरल्याची खूण किंचित सरकवून पुन्हा पाडून दिली. मामा आकाशाकडे बघत उभे राहिले.

सुरुवात चांगली झाली. नळी तपासली, दारू मापली, गोळी ठासली. टोपी घ्यायला खिशात हात घातला आणि तेवढ्यात पलीकडून हाक आली. मामांच्या चुलतबहिणीचे व्याही. लग्नानंतर आत्ताच भेटत होते. बंदूक हातात तशीच उभी धरून मामांनी त्यांच्या घरच्या एकेकाची खुशाली विचारली. थोरल्याची नोकरी, धाकटीचं स्थळ, म्हातारीचे गुडघे. मग वळले आणि दारूचं माप उचललं.

माझा विश्वास बसेना. मला वाटलं, आपणच चुकतोय, मघाशी गोळी ठासलेली आपल्याला नुसती भासली असेल. तोवर माप नळीत रिकामं झालं.

"मामा!" मी ओरडले. "अहो मामा, भरलीये ती!"

त्यांनी मागं न बघता हात हलवला. चिंधी, गोळी, गज. मी दोरी वर केली आणि खालून आत शिरले. ते मैदानावर बिलकूल चालत नाही, हे मला माहीत होतं. उस्ताद माझ्यावर धावून आले, "ताई, मागं!"

"त्यांनी दोनदा भरलीय," मी म्हणाले. "मी बघितलंय."

मामा टोपी बसवायच्या बेतात होते. उस्तादांनी त्यांचा हात धरला. मामांचा चेहरा लालेलाल झाला. इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "माणसांत माजी आब्रू काढतीस व्हय गं? एवढं डोकं हाय तर तूच चालीव बंदूक!"

"आबा, टोपी खिशात ठेवा आणि गज सोडा आत," उस्ताद म्हणाले.

मामांनी गज सोडला. भरल्याची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी होती, ती चांगली चार बोटं वर उभी राहिली.

व्याह्यांनी नजर वळवली. उस्तादांनी बंदूक बाजूला नेऊन सावकाश उकलली. आधी एक गोळी निघाली, मग दारू सांडली. मग पुन्हा पेचाचा गज आत गेला आणि दुसरी गोळी निघाली, तिच्यामागं दुसरी दारू. दोन्ही गोळ्या त्यांनी मामांच्या तळहातावर ठेवल्या. मामा त्या बघत राहिले. मग दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

जाताना लूनावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "हळू चालीव."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मुकाट्यानं बंदूक भरली, निशाणाच्या कडेला का होईना गोळी लावली आणि परवान्याचं काम झालं. मला वाटलं, सुटलो. तर कसलं काय. मामांनी आता सगळा उपदेशच स्वतःचा करून टाकला. चावडीवर बसून ते लोकांना खुणेचा गज दाखवायचे. "मीच काढल्या ह्या खुना. बंदूक भरताना ध्यान पाहिजे, ध्यान." मी पाणी घेऊन गेले तर मलाही तेच ऐकवायचे, तेही आवाज चढवून.

आणि घरी त्यांनी नवाच कायदा लावला. बंदूक भरायला घेतली की घरात कुणी बोलायचं नाही. रेडिओ बंद. मिक्सर बंद. पाट्यावर वाटण चाललं असेल तर हात थांबवायचा. आत्यांना खोकला आला तरी डोळे वटारायचे. शेजारीण दारात आली की हातानंच "थांब" करायचे, आणि ती बिचारी घाबरून उंबऱ्याबाहेर उभी. एकेक पायरी चालायची अशी सावकाश, की जणू सत्यनारायणाची पूजा मांडलीय.

एकदा दिवस मावळताना शेजारचा गडी पळत आला, डुकरं उसात शिरलीत म्हणून. मामांनी त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. नळी तपासली. माप भरलं, पुन्हा बघितलं. चिंधी ठासली, गज घातला, खूण न्याहाळली, चष्मा पुसला, पुन्हा न्याहाळली. मी परातीत पीठ घेऊन तशीच बसलेले, कारण परातीचा आवाज झाला असता. आत्या चुलीपाशी. उसातून कडाकड मोडल्याचा आवाज येत होता, मग तो लांब गेला, मग थांबला.

मामा बंदूक घेऊन बाहेर पडले तेव्हा बांधावर कुत्रंही नव्हतं. भरलेली बंदूक घरात ठेवायची नाही म्हणून त्यांनी हवेत बार काढला आणि परत आले.

आत्यांनी फुंकणी खाली ठेवली. "आता बोलू का?"

"बोल."

"इतक्या येळात मी डुकरांना भाकरी करून घातल्या असत्या."

मामांनी बंदूक खुंटीला लावली आणि मला म्हणाले, "बघितलंस? आज येक बी चूक न्हाई."

मी पीठ मळायला घेतलं.